आधी ऐकायचं, मग ठरवायचं : जन आरोग्य सभेची ओळख

४ डिसेंबर २००० रोजी बांगलादेशात ढाक्याजवळच्या सावार इथे पाच दिवसांची एक सभा सुरू झाली. ७५हून अधिक देशांतली सुमारे दीड हजार माणसं तिथे जमली होती. त्यांत डॉक्टर होते, प्राध्यापक होते. तसेच गावोगाव फिरणारे आरोग्य कार्यकर्ते होते, कामगार संघटनांची माणसं होती, स्त्री चळवळीतल्या कार्यकर्त्या होत्या. कुठल्याही सरकारने ही सभा बोलावलेली नव्हती. तिच्यापुढचे प्रश्न मात्र सगळ्या सरकारांना विचारण्यासारखे होते. माणसं आजारी का पडतात? पडली की त्यांना उपचार का मिळत नाहीत? आणि हे सगळं ज्यावर अवलंबून असतं ती धोरणं कुठे आणि कोणाच्या सोयीने ठरतात?

ही पहिली जन आरोग्य सभा. इंग्रजीत तिला ‘पीपल्स हेल्थ असेंब्ली’ म्हणतात. पुढच्या चोवीस वर्षांत अशा आणखी चार सभा झाल्या. ही सभा का जन्मली, ती कशी चालते, तिच्यातून काय निघालं आणि महाराष्ट्राशी तिचं नातं काय, याची ही ओळख. मला तिच्यात सगळ्यांत मोलाचा वाटतो तो तिचा क्रम : ज्याने सोसलं त्याचं आधी ऐकायचं, धोरणाचं नंतर बोलायचं. आरोग्याच्या बहुतेक परिषदांमध्ये हा क्रम उलटा असतो.

सन २००० चं वचन

या सभेचं मूळ बावीस वर्षं मागे आहे. ६ ते १२ सप्टेंबर १९७८ या काळात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी सोव्हिएत संघातल्या अल्मा-आता शहरात, म्हणजे आजच्या कझाकस्तानातल्या अल्माटीत, एक परिषद भरवली. १३४ देशांची सरकारं तिथे होती. ‘सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ हे ध्येय तिथे जाहीर झालं. जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक तेव्हा हाफडान माहलर होते. ते मूळचे डेन्मार्कचे, पण भारतात क्षयरोगाच्या कामात त्यांनी अनेक वर्षं घालवली होती.

अल्मा-आताच्या जाहीरनाम्यात आरोग्यसेवेची कल्पना दवाखान्याच्या भिंतीपाशी थांबत नाही. पुरेसं अन्न, पिण्याचं स्वच्छ पाणी, सांडपाण्याची व्यवस्था, बाळंतपणातली काळजी, लसीकरण, नेहमीच्या आजारांवर उपचार, आवश्यक औषधं आणि आरोग्यशिक्षण हे सारं मिळून प्राथमिक आरोग्यसेवा होते, असं तो म्हणतो. आपल्या आरोग्यसेवेचं नियोजन करण्यात भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही, हेही त्यात लिहिलेलं आहे.

या विचारामागे एक मराठी गाव आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केलं. गावातल्याच, बऱ्याचदा निरक्षर असलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये ‘हेल्थ बाय द पीपल’ हे पुस्तक काढलं. निरनिराळ्या देशांतल्या अशा प्रयोगांबरोबर जामखेडची हकीकत त्यात होती. अल्मा-आताची भूमिका घडली ती अशा अनुभवांवर.

वचन अडलं कुठे?

परिषदेला वर्षही झालं नव्हतं, तेव्हाच हे ध्येय फार मोठं आणि खर्चिक आहे, असा सूर निघू लागला. थोड्या पैशांत ज्यांचा परिणाम मोजता येईल अशा निवडक उपायांवर भर द्यावा, हा विचार १९७९ पासून बळावला. युनिसेफने बालकांसाठी चार उपाय पुढे आणले : वाढीवर देखरेख, जलसंजीवनी, स्तनपान आणि लसीकरण. या उपायांनी असंख्य मुलं वाचली, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. पण जुलाब झालेल्या मुलाला जलसंजीवनी पाजली आणि विहिरीचं पाणी तसंच राहिलं, तर ते मूल पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आजारी पडतं. निवडक उपायांच्या यादीत विहीर नव्हती. जमीन, मजुरी आणि घरात बाईच्या ताटात काय पडतं, हेही नव्हतं.

दुसरा धक्का पैशांचा होता. ऐंशीच्या दशकात अनेक गरीब देश कर्जात बुडाले आणि सरकारी खर्चाला कात्री लागली. जागतिक बँकेने १९८७ मध्ये सरकारी आरोग्यसेवेसाठी रुग्णांकडून शुल्क घेण्याची शिफारस केली. शुल्क लागू झालं की सगळ्यांत गरीब माणूस दवाखान्याची पायरी चढेनासा होतो, हे आफ्रिकेतल्या देशांनी अनुभवलं. सन २००० उजाडलं तेव्हा ‘सर्वांसाठी आरोग्य’ कुठेच दृष्टीस पडत नव्हतं, आणि त्याचा हिशेब मागणारी जागतिक परिषदही कोणी बोलावत नव्हतं. मग आठ संस्था आणि संघटनांची जाळी एकत्र आली. ‘कन्झ्युमर्स इंटरनॅशनल’, ‘थर्ड वर्ल्ड नेटवर्क’, ‘इंटरनॅशनल पीपल्स हेल्थ कौन्सिल’ ही त्यांतली काही. सावारची ‘गणस्वास्थ्य केंद्र’ ही संस्था यजमान झाली.

सावारच का?

१९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धात जखमींसाठी त्रिपुरात, भारताच्या हद्दीत, बांबूच्या झोपड्यांचं एक रुग्णालय उभं राहिलं. त्यात ४८० खाटा होत्या. इंग्लंडमधलं शल्यचिकित्सेचं शिक्षण सोडून आलेले डॉ. जफरुल्ला चौधुरी आणि डॉ. एम. ए. मोबिन तिथे काम करत होते. प्रशिक्षित परिचारिका नव्हत्याच. निर्वासित म्हणून आलेल्या मुलींना थोड्याच दिवसांत शिकवून तयार केलं गेलं आणि रुग्णालय चाललं. ते पाहून चौधुरींच्या मनात एक गोष्ट पक्की झाली : वैद्यकातलं पुष्कळसं काम साध्या माणसांना शिकवता येतं.

युद्ध संपल्यावर १९७२ मध्ये सावारला गणस्वास्थ्य केंद्र सुरू झालं. तरुण मुली पॅरामेडिक म्हणून सायकलवर गावोगाव जाऊ लागल्या. त्या काळात बाईने सायकल चालवणं हीच तिथे मोठी गोष्ट होती. केंद्राने १९८१ मध्ये स्वतःचा औषध कारखाना काढला. १९८२ मध्ये बांगलादेशाने नवं औषध धोरण आणलं, त्यामागेही चौधुरींचा मोठा वाटा होता. सुमारे १,७०० निरुपयोगी किंवा घातक औषधं त्या धोरणाने बाजारातून काढायला लावली आणि १५० आवश्यक औषधांची यादी केली. परदेशी कंपन्यांचा कडवा विरोध झाला. तरी आज बांगलादेश आपल्या गरजेची बहुतेक औषधं देशातच बनवतो. चौधुरी ११ एप्रिल २०२३ रोजी गेले.

आरोग्याचं धोरण लोकांच्या बाजूने वळवता येतं, याचा पुरावा जिथे उभा होता तिथेच ही सभा भरली.

सभेला निघालेल्या रेल्वेगाड्या

पाच दिवसांच्या सभेची तयारी भारतात कितीतरी महिने चालली होती. १८ देशव्यापी जाळ्यांनी हे काम एकत्र उचललं. त्यांत लोकविज्ञान चळवळीतल्या, स्त्रियांच्या आणि आरोग्य क्षेत्रातल्या संघटना होत्या. गावांमध्ये, तालुक्यांमध्ये साध्या प्रश्नांची पाहणी झाली. उपकेंद्र उघडं असतं का? औषधं मिळतात का? रेशनवर धान्य येतं का? जागतिकीकरण आणि आरोग्य, ‘सर्वांसाठी आरोग्य’चं पुढे काय झालं, आरोग्यसेवेचा बाजार अशा विषयांवर पाच पुस्तिका निघाल्या आणि अनेक भारतीय भाषांत गेल्या.

मग देशाच्या निरनिराळ्या भागांतून ‘जन आरोग्य गाड्या’ निघाल्या. साध्या रेल्वेगाड्याच त्या. कार्यकर्ते त्यांतून कलकत्त्याला पोचले. ३० नोव्हेंबर आणि १ डिसेंबर २००० ला तिथे दोन हजारांहून अधिक प्रतिनिधींची राष्ट्रीय सभा झाली आणि भारतीय जन आरोग्य सनद मंजूर झाली. त्यांतले काहीशे जण पुढे सरहद्द ओलांडून सावारला गेले.

एवढ्या तपशिलाने हे सांगण्याचं कारण आहे. मोठ्या परिषदेत गावाच्या नावाने बोलणारे पुष्कळ असतात. गावात आधी विचारून आलेला माणूस वेगळं बोलतो. त्याच्या हातात स्वतःच्या तालुक्यातल्या बंद उपकेंद्रांची यादी असते.

पाच दिवस सभा चालते कशी?

सभेच्या कामाचे साधारण चार भाग पडतात.

पहिला भाग साक्षींचा. विस्थापित झालेली, कीटकनाशकांनी आजारी पडलेली, दवाखान्यातून परत पाठवलेली माणसं स्वतःच्या भाषेत आपली हकीकत सांगतात आणि दुभाषे ती इतरांपर्यंत पोचवतात.

दुसरा भाग मोठ्या बैठकांचा. साक्षींमधून वर आलेली कारणं तिथे अभ्यासक मांडतात. सावारच्या चर्चेत राजकीय अर्थकारण, विषमता, वैद्यकाचं व्यापारीकरण, पर्यावरणाचं संकट आणि लोकांशी संवाद हे विषय होते. सावारच्या व्यासपीठावर जागतिक बँकेच्या प्रतिनिधीलाही बोलावलं होतं आणि सभागृहाने त्यांना कठोर प्रश्न विचारले. विरोधकाला समोर बसवून विचारण्याची ही रीत मला फार महत्त्वाची वाटते.

तिसरा भाग छोट्या गटांचा. क्षयरोग, बाळंतपण, औषधांच्या किमती, मानसिक आरोग्य, पारंपरिक वैद्यक अशा एकेका विषयावर पंचवीस-तीस माणसं बसतात. मोठ्या मंडपात न बोलणारी माणसं इथे बोलतात. गाणी, नाटकं, पोस्टरं यांचाही सभेत पूर्ण मान असतो, कारण आरोग्यशिक्षणाची हीच साधनं ही माणसं रोज वापरत असतात.

चौथा भाग ठरावाचा. सनदेचा मसुदा आधीच देशोदेशी फिरवून सूचना घेतलेल्या असतात. शेवटच्या दिवशी तो सभेपुढे येतो. सावारला ८ डिसेंबर २००० रोजी ‘जन आरोग्य सनद’ मान्य झाली आणि तिच्याबरोबर ‘पीपल्स हेल्थ मूव्हमेंट’ ही जागतिक चळवळ उभी राहिली.

सनद काय म्हणते?

ही सनद पुढे चाळीसहून अधिक भाषांत गेली. तिचा गाभा असा :

• आरोग्य हा माणसाचा हक्क आहे. खिशात पैसे किती, यावर तो ठरू नये.

• आजाराची मुळं दारिद्र्य, विषमता, युद्ध, पर्यावरणाचा नाश यांत आहेत. म्हणून आरोग्य धोरणाने तिथेही हात घातला पाहिजे.

• सरकारांनी सर्वांना परवडणारी सार्वजनिक आरोग्यसेवा द्यावी. तिचं खासगीकरण थांबवावं आणि खासगी वैद्यकावर नियंत्रण ठेवावं.

• औषधं नफ्याच्या आधी गरजेला उपयोगी पडावीत.

• निर्णयात लोकांचा, विशेषतः स्त्रियांचा आणि वंचितांचा, खरा वाटा असावा.

आपल्या भाषेत ‘आरोग्य’ आणि ‘स्वास्थ्य’ असे दोन शब्द आहेत. रोग नसणं ते आरोग्य. स्वस्थ म्हणजे स्वतःत स्थिर असणं, जिवाला घोर नसणं. आपण ‘चित्ताचं स्वास्थ्य’ म्हणतो ते याच अर्थाने. आजकाल स्वास्थ्याच्या नावाने मोठा बाजार उभा आहे आणि तिथे सांगितलं जातं की आहार, व्यायाम, ध्यान सांभाळा, बाकी सगळं ठीक होईल. या सवयी चांगल्याच आहेत. पण घरातल्या एका शस्त्रक्रियेसाठी शेत गहाण पडलं असेल, तर त्या घरातल्या कोणाच्या जिवाला स्वस्थता लाभणार? सनद हा धागा पकडते. माणसाचं स्वास्थ्य त्याच्या घरादाराच्या, कामाच्या आणि गावाच्या स्थितीशी बांधलेलं आहे, आणि ती स्थिती धोरणांनी बदलते.

पुढच्या चार सभा

दुसरी सभा जुलै २००५ मध्ये इक्वेडोरमधल्या क्वेंका शहरात झाली. लॅटिन अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा आवाज तिथे ठळक होता. तरुण कार्यकर्त्यांसाठीचं ‘आंतरराष्ट्रीय जन आरोग्य विद्यापीठ’ त्याच वेळी सुरू झालं. ते थोड्या दिवसांच्या निवासी अभ्यासवर्गांच्या रूपात देशोदेशी चालतं. जागतिक आरोग्याचा लोकांच्या बाजूने आढावा घेणारा ‘ग्लोबल हेल्थ वॉच’ हा अहवालही त्याच वर्षी निघू लागला.

तिसरी सभा जुलै २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनला झाली. चौथी नोव्हेंबर २०१८ मध्ये पुन्हा सावारला, आणि पाचवी एप्रिल २०२४ मध्ये अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता इथे झाली. दोन सभांच्या मधल्या काळातही काम चालू असतं. दरवर्षी मे महिन्यात जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेची सरकारी सभा भरते. चळवळीचे तरुण कार्यकर्ते तिथे जाऊन बसतात, कोणता देश काय बोलला ते टिपतात आणि त्याचं विश्लेषण लोकांपुढे ठेवतात.

महाराष्ट्रात काय रुजलं?

कलकत्त्याच्या सभेनंतर भारतात ‘जन स्वास्थ्य अभियान’ उभं राहिलं. महाराष्ट्रात ते ‘जन आरोग्य अभियान’ या नावाने काम करतं. १४ आणि १५ जानेवारी २००४ ला, जागतिक सामाजिक मंचाच्या आदल्या दिवसांत, मुंबईत लोकांच्या आरोग्यरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय मेळावा भरला आणि ‘मुंबई जाहीरनामा’ निघाला. त्याच वर्षी जन स्वास्थ्य अभियानाने राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाबरोबर देशाच्या विभागवार जनसुनवाया घेतल्या. उपचार नाकारले गेलेल्या लोकांनी आयोगापुढे आणि आरोग्य अधिकाऱ्यांपुढे आपली प्रकरणं मांडली. डिसेंबर २००४ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय सुनावणी झाली.

सावारचा क्रम महाराष्ट्राच्या मातीत सगळ्यांत खोल गेला तो २००७ पासून, सरकारच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखालच्या ‘लोकाधारित देखरेख’ प्रक्रियेत. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आता धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांतल्या २२५ गावांपासून ती सुरू झाली. पुण्याची ‘साथी’ ही संस्था राज्यपातळीवर समन्वय करत होती.

पद्धत अशी. गावातली समिती लोकांना विचारून आरोग्यसेवेचं प्रगतिपुस्तक भरते. सेवा चांगली असेल तर हिरवा रंग, मधलीच असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही भिंतीवरचा लाल रंग कळतो. मग प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, तालुक्याच्या, जिल्ह्याच्या पातळीवर जनसुनवाई होते. बाहेरून औषध आणायला लावलं, फुकट असलेल्या सेवेचे पैसे घेतले, डॉक्टर जागेवर नव्हते, अशी प्रकरणं लोक नाव, तारीख घालून मांडतात. अधिकाऱ्यांना तिथेच उत्तर द्यावं लागतं, आणि काय ठरलं ते लिहून ठेवलं जातं. काही अडचणी डॉक्टरांच्याही असतात : रिकामी पदं, बंद पडलेली रुग्णवाहिका, न आलेला औषधसाठा. त्या उघड झाल्या की गाव आणि डॉक्टर मिळून वरच्या कार्यालयाकडे मागणी करू शकतात.

सभेच्या मर्यादा

जन आरोग्य सभेचा ठराव कोणत्याही सरकारला बांधत नाही. पाच दिवस मजुरी बुडवून, पारपत्र काढून परदेशी जाणं बहुतेक गरिबांना जमत नाही. त्यामुळे साक्ष द्यायला हवीत अशी कितीतरी माणसं घरीच राहतात.

थायलंडने वेगळा मार्ग धरला. तिथे २००७ मध्ये राष्ट्रीय आरोग्य कायदा झाला आणि २००८ पासून कायद्याने आखलेली राष्ट्रीय आरोग्य सभा दरवर्षी भरते. सरकार, अभ्यासक आणि नागरिकांचे गट तिच्यात एकत्र बसतात आणि सहमतीने ठराव करतात. अशा सभेचा शब्द मंत्रिमंडळापर्यंत सहज पोचतो. तरी अडथळे सुटत नाहीत. ॲस्बेस्टॉसवर बंदी घालण्याचा ठराव या सभेने २०१० मध्ये केला, पुढच्याच वर्षी मंत्रिमंडळाने तो तत्त्वतः मान्य केला, आणि अंमलबजावणी मात्र उद्योगांच्या विरोधात वर्षानुवर्षं रखडली. सभा सरकारी असो वा लोकांची, ठरावाचा पाठपुरावा करणारी माणसं लागतातच.

आज हे का हवं?

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार भारतातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट मोठी आहे. तरीही दर शंभर रुपयांतले जवळपास चाळीस रुपये आजारी माणसाचं घरच भरतं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. ते ध्येयही गाठलं गेलेलं नाही. ‘सन २००० पर्यंत’ या जुन्या वचनासारखंच हेही वचन आहे, आणि त्याची आठवण करून देणं आपलं काम आहे.

आपल्या गावात सुरुवात कशी करावी?

यासाठी सावारला जावं लागत नाही. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यांतली एक आरोग्याला द्या. आधी महिनाभर वस्तीवस्तीत जाऊन पाचच प्रश्न विचारा : उपकेंद्र कधी उघडं असतं, औषध मिळतं का, कशाचे पैसे द्यावे लागले, बाळंतपणाला गाडी मिळाली का, पाणी कसं आहे. उत्तरं वस्तीच्या नावासह कागदावर रंगांनी मांडा. आशाताईंना, परिचारिकेला आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानाने बोलवा, कारण तेही याच व्यवस्थेत अडचणी सोसत असतात.

सभेच्या दिवशी पहिल्यांदा सरपंचांचं भाषण ठेवू नका. रात्री गाडी न मिळाल्याने जिला शेतातल्या वाटेवर बाळंत व्हावं लागलं, तिला आधी बोलू द्या. मग डॉक्टर सांगतील त्या रात्री काय अडचण होती. मग सगळ्यांनी मिळून ठराव करा आणि पुढे कोण, कोणत्या तारखेला, कोणत्या कार्यालयात जाणार ते खाली लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा जमाल तेव्हा तोच कागद उघडा आणि त्या बाईला विचारा : आता गाडी येते का?